चार स्पीकर, तीन आंकडे

घरांतील एखादा नातू किंवा पुतण्या विजेची गिटार घेऊन बसला, म्हणजे वडील मंडळींच्या कपाळाला प्रथम आठ्या पडतात, आणि पुढें सवयीनें त्या मावळतात. परंतु गिटारीमागें कमरेएवढी जी काळी पेटी उभी राहते, तिच्या पाठीवरील ४, ८, १६ हे आंकडे कशाचे, आणि ते चुकले तर काय होतें, हा प्रश्न तसाच उरतो. त्यांतून मुलगा हुशार असला, कीं ती पेटी उघडून आंतील तारा आपणच निराळ्या जोडाव्या असें त्याच्या मनांत येतें. त्याला परवानगी द्यावी कीं नाहीं?

आमच्या मतें द्यावी. पण कोणती वस्तु उघडावयाची आणि कोणती नाहीं, हें आधीं ठरवून द्यावें. लाकडी पेटींत चार स्पीकर, थोड्या तारा आणि प्लग खोंचण्याच्या जागा यांवांचून कांहीं नसतें. घरांतील विजेशीं तिचा प्रत्यक्ष संबंध नाहीं. तिच्या डोक्यावर बसणाऱ्या ॲम्प्लिफायरची गोष्ट निराळी. व्हाल्व्हच्या ॲम्प्लिफायरांत ४०० ते ५०० व्होल्टांचा दाब असूं शकतो, आणि भिंतींतील प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरांत कांहीं काळ दबा धरून बसतो. तेव्हां पेटी खुशाल उघडावी. ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला हात लावूं नये. एवढी मर्यादा घरांत ठरली, कीं पुढील काम बहुतेक गणिताचें आहे.

हें गणित ज्यानें घालून दिलें, तो गेऑर्ग झिमोन ओहम आमच्याच धंद्यांतला. कोलोन येथील शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असतां त्यानें जे प्रयोग केले, त्यांवरील त्याचा ग्रंथ १८२७ सालीं प्रसिद्ध झाला. स्वदेशांत त्याचें स्वागत थंडपणेंच झालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कॉप्ली पदक दिलें तें १८४१ सालीं. मास्तरांच्या वांट्यास मान उशिरां येतो, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे! विजेच्या वाटेंतील अडथळा आज त्याच्याच नांवानें मोजतात. एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा तो रोध. गाण्याची वीज मात्र क्षणोक्षणीं दिशा बदलते. तिला होणारा एकंदर अडथळा तो संरोध, दुकानदारांचा इंपीडन्स. स्वराच्या उंचीप्रमाणें तो कमीजास्त होत असल्यामुळें स्पीकरवर छापलेला आंकडा ठोकळ मानाचा समजावा.

स्पीकर जोडण्याच्या मूळ रीति दोन. आगगाडीच्या डब्यांप्रमाणें एकामागें एक जोडले तर ती एकसर जोडणी. तींत संरोधांची बेरीज होते. १६ ओहमचे दोन मिळून ३२ होतात. उलट, विजेला दोन वाटा मोकळ्या करून दिल्या तर ती समांतर जोडणी. तींत तेच दोन मिळून ८ होतात. चारही समांतर जोडले तर ४, आणि चारही एकसर जोडले तर ६४, जे कोणत्याच गिटार-ॲम्प्लिफायरला मानवणार नाहींत.

हीं उदाहरणें निव्वळ फळ्यावरचीं नव्हेत. अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या १९५९ च्या बासमन ॲम्प्लिफायरांत ८ ओहमचे, दहा इंची चार स्पीकर सरसकट समांतर जोडलेले असत. म्हणजे एकूण २ ओहम. लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल नांवाच्या ड्रमवादकाचें वाद्यांचें दुकान होतें. तेथील मंडळींनीं १९६२ च्या सुमारास आपला पहिला ॲम्प्लिफायर केला, तो याच बासमनच्या नमुन्यावर. पण स्पीकर मात्र त्यांनीं बारा इंची घेतले आणि ते निराळ्या पेटींत ठेवले. त्या वंशांतील १९६० या क्रमांकाची पेटी पुढें सर्वत्र पसरली. (हा क्रमांक आहे, साल नव्हे.) तिच्या अलीकडच्या नमुन्यांत १६ ओहमचे चार स्पीकर असून पाठीवर एक खटका असतो. त्यानें १६ किंवा ४ ओहमची एक पेटी होते, अथवा ८ ओहमच्या दोन स्वतंत्र अर्ध्या पेट्या होतात.

एका खटक्यानें तीन आंकडे कसे साधतात, हें पाहण्यासारखें आहे. चार पदांच्या समासांत कोणतीं दोन पदें आधीं जुळलीं यावर विग्रह अवलंबून असतो, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल. येथेंही तसेंच. प्रथम दोन-दोन स्पीकर समांतर जोडून ८ ओहमच्या दोन जोड्या कायमच्या बांधून टाकाव्या. त्यांस पुन्हां हात लावावयाचा नाहीं. बदलावयाचा तो फक्त त्या दोन जोड्यांमधील सांधा. जोड्या एकमेकींपुढें एकसर ठेवल्या तर १६, समांतर ठेवल्या तर ४, आणि वेगळ्या ठेवल्या तर दोन्हीकडे ८. स्पीकर ८ ओहमचे असल्यास हीच युक्ति ८, २ आणि दुहेरी ४ असे आंकडे देते. त्यांतला २ आज फारच थोड्या ॲम्प्लिफायरांना चालतो. म्हणून स्पीकर विकत घेण्यापूर्वीं ॲम्प्लिफायरची पाठ वाचावी. चारही स्पीकर एकाच आंकड्याचे असावेत, हें तर सांगावयासच नको. ८ व १६ असे समांतर जोडले तर शक्तीचा दुप्पट वांटा ८ वाल्यावर पडतो.

आतां १६ साधण्याची दुसरीही एक वाट आहे: आधीं दोन-दोन एकसर जोडून ३२ च्या जोड्या कराव्या आणि मग त्या समांतर ठेवाव्या. उत्तर तेंच येतें. मग फरक कोठें? एखादा स्पीकर जळून त्याची तार तुटली, कीं फरक दिसतो. या दुसऱ्या रीतींत जळलेल्याबरोबर त्याचा जोडीदारही मुका होतो, संरोध ३२ वर जातो, आणि उरलेले दोघे भार निम्मा-निम्मा वांटून घेतात. पहिल्या रीतींत तिघे गात राहतात, म्हणून ऐकणाऱ्याला संशयही येत नाहीं. परंतु संरोध २४ होतो, आणि जळलेल्याच्या जोडीदारावर एकूण शक्तीचा दोनतृतीयांश भार एकट्यावर येतो. जो स्पीकर २५ वॅटचाच आहे, त्याला असा भार मोठ्या ॲम्प्लिफायरपुढें किती वेळ पेलणार? म्हणून ज्याच्याकडे एकच ॲम्प्लिफायर आहे आणि त्याला १६ चें स्थान आहे, त्यानें खटक्याच्या भानगडींत न पडतां दुसरी रीति कायमची पत्करावी, असें आम्ही निःसंकोचपणें म्हणतों. पर्यायांची हौस ही बहुधा बाजाराची असते, वाद्याची नव्हे. शिवाय प्रत्येक खटका म्हणजे सैल होऊं शकणारा आणखी एक सांधा.

हा सांधा सुटण्याचें भय एवढें कां, तेंही सांगितलें पाहिजे. व्हाल्व्हना हजारों ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर तर थोड्या ओहमचा. या दोघांची गांठ आउटपुट ट्रान्स्फॉर्मर घालून देतो. म्हणून त्याच्या ४, ८, १६ या टोकांपैकीं पेटीच्या आंकड्याशीं जुळेल तेंच निवडावयाचें. तसें निवडल्यावर शक्ति जवळजवळ सारखीच मिळते. ४ वर आवाज मोठा होतो हा समज व्हाल्व्हच्या बाबतींत खरा नाहीं. पण वाजतां वाजतां पेटीकडील वाट मुळींच तुटली, तर ट्रान्स्फॉर्मरांत सांठलेल्या शक्तीला बाहेर पडण्यास मार्ग राहत नाहीं. दाब एकाएकीं चढतो, तारेवरील आवरण फुटतें, आणि सगळ्यांत महाग भाग जातो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरचा स्वभाव नेमका उलटा. त्याला वाट तुटल्याचें सहसा कांहीं वाटत नाहीं. पण नेमून दिल्यापेक्षां कमी ओहमची पेटी जोडली, तर तो नको तितकी वीज ओढून तापतो. आपल्या घरांत यांतला कोणता आहे हें ठाऊक नसतां खटका फिरवूं नये. आणि ठाऊक असलें तरी ॲम्प्लिफायर चालू असतां तर कधींच फिरवूं नये.

हाताच्या कामाबद्दल थोडेंच सांगावयाचें आहे. आंतील जोडणीस घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक तार पुरते. ॲम्प्लिफायर व पेटी यांमध्यें गिटारीची बारीक दोरी वापरूं नये. दिसावयास ती सारखी, पण आंतील तार नाजूक असते. प्रत्येक स्पीकरला १.५ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून पाहावी. धन टोंकास धन लावल्यावर कागदी पडदा पुढें सरकतो. चारही एकाच दिशेनें सरकले पाहिजेत, नाहींतर एक जण ढकलतो तेव्हां दुसरा ओढतो आणि खालचे स्वर आपसांतच विरून जातात. शेवटीं, प्लग लावण्यापूर्वीं मल्टीमीटर धरावा. तो रोध दाखवितो, संरोध नव्हे. म्हणून १६ च्या जोडणीस १२–१३, ८ ला ६–७ आणि ४ ला ३ च्या आसपास आंकडा आला, तर तो बरोबर समजावा. खटका असल्यास प्रत्येक स्थानावर मोजावें आणि मोजतांना तार थोडी हलवून पाहावी. आंकडा उडूं लागला किंवा मुळींच दिसला नाहीं, तर कोठें तरी सांधा कच्चा आहे. तो पक्का होईपर्यंत ती पेटी ॲम्प्लिफायरला जोडूं नये.