कवच कशासाठी?

आमच्या घरी सासूबाई ‘अगसी’ म्हणतात, मी ‘जवस’ म्हणते. चटणी मात्र एकच. सीमाभागातल्या बहुतेक घरांत ती भाकरीबरोबर असतेच.

जवसात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ स्निग्धाम्लाचा. हवा लागली की हे तेल खवट होऊ लागते. दाण्याची चिवट साल त्याला सांभाळते. पण ती इतकी चिवट की न चावता गिळलेला दाणा पोटातून तसाच बाहेर पडतो! म्हणून जवस थोडे थोडेच भाजून कुटावेत आणि चटणी लवकर संपवावी.

कारखान्यांतही नाजूक पोषकद्रव्यांना अशीच वनस्पतींची कवचे चढवतात. डिंकाच्या पाण्यात तेल घुसळून ते गरम हवेत फवारले की भुकटी होते. तिच्या कणाकणावरचा डिंक तेलाला हवेपासून वाचवतो, पण पाण्यात विरघळतो. जठरातल्या आम्लाने मरणारे उपयुक्त जिवाणू पुढे न्यायचे, तर समुद्रशेवाळातले अल्जिनेट वापरतात. ते आम्लात आक्रसते आणि आतड्यात आम्लता घटली की फुगून आतला ऐवज सोडते. फळांच्या सालीतले पेक्टिन तर आपल्या पाचकरसांना दादच देत नाही. ते मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात.

हे सारे सांगायचे कारण म्हणजे घरातली वडीलधारी माणसे. गिळता येत नाही म्हणून आपण त्यांची कॅप्सूल फोडून पूड दुधात कालवतो. वेष्टनावर ‘एन्टेरिक कोटेड’ लिहिले असेल, तर तसे मुळीच करू नये. त्या गोळीचे कवच जठर ओलांडण्यासाठीच असते. ते मोडले की औषध वाया जाते, कधी पोटात जळजळही होते. त्याऐवजी पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. हिरवा ठिपका म्हणजे आम्लापासून संरक्षण नव्हे. जिलेटिनचे कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते, शाकाहारी कवच बहुधा वनस्पतींच्या सेल्युलोजपासून. साधी असतील तर दोन्ही जठरातच विरघळतात. शाकाहार पाळणाऱ्यांनी ठिपका जरूर पाहावा. पण महागडी डबी घेण्याआधी दुकानदाराला एवढे विचारावेच, ‘हे कवच कुठे सुटते, जठरात की आतड्यात?’