प्रवाळांच्या टाकीतला नको असलेला स्पंज
घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत स्पंज बहुधा बाहेरून आणलेल्या दगडावर किंवा प्रवाळाच्या बुडाला चिकटून येतो. पंपाच्या आडोशाला, अंधारात वाढणारा सायकॉन हा इवलासा पांढुरका स्पंज पाणी गाळून त्यातले जिवाणू खातो. त्याला हात लावण्याचे कारण नाही. खरा त्रास प्रकाशावर पोसणाऱ्या स्पंजांचा. निळसर-करडा कोलोस्पाँजिया ऑरिस अंगात नीलहरित जिवाणू बाळगतो, म्हणून भर उजेडात पसरतो, प्रवाळावर चढतो आणि त्याचाच उजेड अडवतो. त्याला टाकीतच खरवडणे सर्वांत घातक, कारण सुटलेला तुकडा जिथे अडकेल तिथे नव्याने वाढू शकतो. दगड बाहेर काढून ताठ ब्रशने घासावा, वेगळ्या खाऱ्या पाण्यात खळबळावा, मगच परत ठेवावा. प्रवाळाच्या बुडालाच विळखा बसला असेल तर वरची निरोगी फांदी कापून नव्या आधारावर चिकटवावी. जुन्या दगडाचा मोह धरू नये. मोठा स्पंज आत मरू दिला तर तो कुजून अमोनिया वाढतो आणि माशांच्या जिवावर बेतते. सिलिकेट शोषणारी माध्यमे इथे निरुपयोगी आहेत, कारण या स्पंजाच्या अंगात सिलिकेचे काटे नसतातच. एंजलफिश काही स्पंज खातात, पण प्रवाळही टोचतात. केवळ या कामासाठी ते आणू नयेत. नवा दगड मुख्य टाकीत जाण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहणे, हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.