परीक्षेआधी संस्था ठरवावी

जालना जिल्ह्यातील पदवीधर एमबीएचा विचार करू लागला की 'कॅट द्यावी की सीईटी' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. वास्तविक कोणत्या संस्थेत, किती खर्चात आणि पुढे कोणत्या व्यवसायासाठी शिकायचे हे ठरल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

या दोन परीक्षांचा पिंडच वेगळा आहे. राज्याच्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद मिळतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्यामुळे तेथे वेगाला महत्त्व येते. आयआयएमच्या कॅटमध्ये 120 मिनिटांत सत्तरच्या आसपास प्रश्न असतात, तीन विभागांना प्रत्येकी 40 मिनिटे बांधून दिलेली असतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा होतो. साहजिकच कोणता प्रश्न सोडून द्यावा हे ओळखणे तेथे निर्णायक ठरते.

सीईटी ही दुय्यम परीक्षा असल्याचा समज मात्र निराधार आहे, कारण 1965 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे दार महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला याच परीक्षेतून उघडते. शिवाय सीईटीच्या गुणांवर राज्य शासन राबवते त्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून, मिळालेल्या प्रवेशालाच शासकीय शुल्कसवलती जोडलेल्या आहेत. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ होते. तीच मुलगी त्याच महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून गेली, तर ही सवलत तिच्या हातची जाते.

तथापि उद्दिष्ट वेगळे असेल, तर हिशेबही बदलतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको स्थापन केल्यापासून जालन्याची ओळख बियाणे उद्योगाशी जोडली गेली आहे, आणि या उद्योगात स्थिरावू पाहणाऱ्या कृषी पदवीधराला सर्वसाधारण एमबीएपेक्षा कृषिव्यवसाय व्यवस्थापन, म्हणजे बियाणे, खते व शेतमाल यांची विक्री, पुरवठा आणि अर्थकारण शिकवणारा अभ्यासक्रम, अधिक उपयोगी पडतो. हैदराबादचे 'मॅनेज', पुण्याचे 'वॅम्निकॉम' आणि आयआयएम अहमदाबाद येथे तो उपलब्ध असून या तिन्ही ठिकाणी कॅटचे गुण चालतात, त्यामुळे अशा विद्यार्थ्याने केवळ सीईटीवर विसंबणे तोट्याचे ठरेल.

म्हणून प्रथम तीन-चार संस्था निवडून त्यांचे शुल्क, तेथील नोकऱ्यांचे स्वरूप आणि गतवर्षी शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला, म्हणजे किती टक्के परीक्षार्थींना मागे टाकणाऱ्यास जागा मिळाली, हे तपासावे. परीक्षेचा अर्ज आणि शिकवणीची फी या दोन्ही गोष्टी त्यानंतरच्या आहेत.