हिशेबाबाहेरचे पाणी

ठाणे जिल्ह्यातल्या रासायनिक कारखानदारीची गोष्ट डोंबिवली-अंबरनाथच्या धुराड्यांपासून सांगायची रीत पडली आहे. खरे तर ती मुरबाडच्या शिवारापासून सांगायला हवी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, बारवी नदीवर महामंडळाचे स्वतःचे धरण उभे राहिले. धरणाची भिंत बदलापूरच्या बाजूला, पण फुगवट्याखाली गेलेली जमीन मोठ्या प्रमाणात मुरबाड तालुक्यातली. पुढे उंची वाढवली गेली आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पातळीपर्यंत पाणी चढले, तेव्हा तोंडली, मोहघर, काचकोली या गावांनी आपली घरे सोडली. हे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि तिथून औद्योगिक वसाहतींतल्या रिअॅक्टरांत, कंडेन्सरांत, धुण्याच्या टाक्यांत जाते. शेजारच्या शहापूरचे दुखणे याच जातीचे आहे. १८९२ च्या तानसा धरणापासून भातसापर्यंत त्या तालुक्याने मुंबईची तहान भागवली आणि दर उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते.

पर्यावरणस्नेही रसायनशास्त्राचा विचार आम्ही या जागेवरून करतो आहोत. माटुंग्याच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेतून जे दिसते त्याहून इथून थोडे निराळे दिसते.

या शास्त्राचे मोजमाप १९९२ मध्ये रॉजर शेल्डन यांनी घालून दिले. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा निघतो, तो आकडा म्हणजे ई-फॅक्टर. शेल्डन त्याआधी नेदरलँड्समधल्या एका कंपनीत होते. तिथे फ्लोरोग्लुसिनॉल हे औषधी उद्योगाला लागणारे रसायन टीएनटीपासून बनत असे. एका किलोमागे सुमारे चाळीस किलो घन कचरा निघे, त्यात क्रोमियमचे आणि लोखंडाचे क्षार. विल्हेवाटीचा खर्च मालाच्या किमतीला भिडू लागला आणि कारखाना बंद करावा लागला. त्या अनुभवातून हा हिशेब जन्मला. तेलशुद्धीकरणात किलोमागे शंभर ग्रॅमच्या आसपास कचरा, 'फाइन केमिकल्स' म्हटल्या जाणाऱ्या रसायनांत पाच ते पन्नास किलो, औषधांत पंचवीस ते शंभर किलो किंवा त्याहून जास्त, असे आकडे त्यांनी मांडले तेव्हा जगभरचे औषध-उद्योग चपापले. एक वर्ष आधी बॅरी ट्रॉस्ट यांनी अणूंच्या काटकसरीची कल्पना मांडली होती, आणि १९९८ मध्ये अॅनास्टस व वॉर्नर यांची बारा तत्त्वे आली.

पण शेल्डन यांच्या मूळ हिशेबात पाणी सहसा धरलेले नव्हते. कारण सरळ होते. पाणी धरले तर आकडे इतके फुगतात की दोन पद्धतींची तुलनाच करता येत नाही. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही सोय होती. ज्या तालुक्याची गावे त्या पाण्यासाठी उठली, त्याला मात्र हे मान्य होण्यासारखे नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विद्येचा मूळ झरा माटुंग्याला आहे. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ साली निघाला, त्याला सगळे यूडीसीटी म्हणत. कापड गिरण्यांच्या शहरात पहिली गरज रंगांची होती, त्यामुळे प्रा. के. वेंकटरामन यांच्या काळात विभागाचे नाव रंगरसायनांसाठी जगात झाले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्या पिढीपुढचा प्रश्न देशात रंग बनवता येतो का, हा होता. तो त्यांनी सोडवला, आणि त्या काळात तो सोडवणे हीच देशसेवा होती.

सोडवताना जे उरले ते नंतर दिसले. रंगांसाठी नायट्रो संयुगाचे अॅनिलिनसारखे अमाइन करायला लोखंडाचा कीस वापरायची जुनी पद्धत घ्या. समीकरण मांडून गणित केले तर एक टन अॅनिलिनमागे जवळजवळ १.९ टन लोहऑक्साइडचा काळा गाळ निघतो. मालाच्या जवळजवळ दुप्पट गाळ! हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरला तर उपउत्पादन म्हणून फक्त पाणी निघते, तेही चारशे किलोच्या आत. ही दुसरी वाट छोट्या कारखानदाराला माहीत नव्हती असे नाही. दाबाखालचा हायड्रोजन हाताळायचा म्हणजे वेगळे रिअॅक्टर, वेगळी सुरक्षा, वेगळे भांडवल. प्लॉटवर दोन-तीन केटल टाकून जॉबवर्क करणाऱ्याच्या आवाक्यात लोखंडाचा कीसच होता.

यूडीसीटीची पुढची पिढी या अडचणीला भिडली. प्रा. मन मोहन शर्मा केंब्रिजहून १९६४ मध्ये परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथे प्राध्यापक झाले. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय अभियंता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत कोल्हापूर जिल्ह्यात १९५२ साली जन्मलेले गणपती दादासाहेब यादव होते. यादव शिकले माटुंग्याला, प्राध्यापक झाले तिथेच, आणि २००८ मध्ये विभागातून घडलेल्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर २००९ ते २०१९ अशी दहा वर्षे तिचे कुलगुरूही होते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदांची यादी इथे थांबवू. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलेले एक सूत्र: द्रव आम्लाच्या जागी घन आम्ल.

हे घन आम्ल म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाची एक माती आहे, पातळ थरांची. तिच्यावर आम्लाची प्रक्रिया केली की बाजारात के-१० नावाने मिळणारी, पांढरट, बोटाला पिठासारखी लागणारी भुकटी होते. टंगस्टन आणि फॉस्फरस यांपासून बनलेले एक तीव्र आम्ल तिच्या सच्छिद्र पृष्ठभागावर बसवायचे. आता ही भुकटी सल्फ्युरिक आम्लाचे काम करते, पण मिश्रणात विरघळत नाही. प्रक्रिया झाली की गाळायची, धुवायची, भट्टीत तापवायची आणि पुन्हा वापरायची. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या मातीवरच्या आम्लाने एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचे रसायन एकाच भांड्यात बनवले. माती आणि आम्ल सुटेसुटे जेवढे काम करतात त्यापेक्षा एकत्र जास्त करतात, हे त्यांनी दाखवले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतून घन उत्प्रेरकांची एक मालिकाच निघाली आणि तिला त्यांनी आपल्या विभागाचे नाव दिले: यूडीकॅट. एखाद्या शिक्षकाने संस्थेचे ऋण असे फेडल्याची उदाहरणे फार नाहीत.

घन आम्लाने पाण्याचे काय होते, हा आमचा खरा प्रश्न. अत्तरे, औषधे आणि रंग यांच्या कच्च्या मालासाठी केली जाणारी फ्रीडेल-क्राफ्ट्स प्रक्रिया पाहा. तिच्यात अॅल्युमिनियम क्लोराइड लागते, तेही उत्प्रेरकाच्या चिमटीने नाही. तयार झालेला कीटोन त्याला धरून बसतो, म्हणून एक टन अॅसिटोफेनोनसाठी निदान १.१ टन घालावे लागते. मग माल सोडवायला सगळे मिश्रण पाण्यात ओतायचे. वाफा उसळतात, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते कॉस्टिकने पूर्ण मारायचे तर, समीकरणाच्या हिशेबाने, त्या एका टनामागे सुमारे दोन टन मीठ आणि साडेसहाशे किलो अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड पाण्यात येते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. आम्ल गेले असा दाखला मिळतो आणि क्षार मात्र नाल्याने उल्हास नदीच्या खाडीकडे निघतो.

फ्रान्सच्या ऱ्होडिया कंपनीने अॅनिसोलवरच्या अशाच प्रक्रियेत अॅल्युमिनियम क्लोराइड काढून झिओलाइट हे घन आम्ल आणले. एका किलो मालामागे पूर्वी साडेचार किलो दूषित पाणी निघत असे, ते ३५ ग्रॅमवर आले. घन आम्लाच्या संशोधनाची सगळी किंमत या एका तुलनेत कळते. प्रक्रियेत पाणी ओतायची गरजच उरली नाही, म्हणून ते फारसे दूषितही झाले नाही. हे सगळीकडे जमत नाही. अॅनिसोलसारखे सहज प्रक्रिया करणारे रेणू घन आम्लाला दाद देतात, बेंझिन तितके देत नाही. मातीच्या छिद्रांत डांबरासारखे अवशेष साचतात आणि उत्प्रेरक दमतो. तरीही नदी घाण होणार की नाही हे प्रक्रिया निवडली जाते त्या दिवशी बऱ्याच अंशी ठरून जाते. सांडपाण्याचे केंद्र फार नंतर येते. आमच्या राज्याने मात्र १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापल्यापासून आपले जवळजवळ सगळे लक्ष नळाच्या शेवटच्या टोकावर ठेवले. वनशक्तीसारख्या संस्थेला उल्हास आणि वालधुनी या नद्यांसाठी हरित न्यायाधिकरणात जावे लागले, ते नळाचे टोकही नीट सांभाळले गेले नाही म्हणून.

आता माटुंग्याहून मुरबाडला येऊ. तालुक्यातल्या शिवळ्याच्या महाविद्यालयासारख्या ठिकाणी विज्ञान शिकणारी मुले आसपासच्या गावपाड्यांतली असतात. पदवीच्या प्रात्यक्षिकांत अनेक ठिकाणी कुमारिन बनवायचा एक जुना प्रयोग असतो. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल अॅसिटोअॅसिटेट थंड ठेवायचे, सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे, मग सगळे फोडलेल्या बर्फावर ओतायचे. पांढरे स्फटिक बुख्नर फनेलवर घ्यायचे आणि निळा लिटमस लाल व्हायचा थांबेपर्यंत पाण्याने धूत राहायचे. धुतलेले पाणी बेसिनमध्ये. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या हरित रसायन कृतिदलाने काही वर्षांपूर्वी पदवी प्रयोगशाळांसाठी पर्यायी प्रयोगांची पुस्तिका काढली. तिच्यात याच कुमारिनसाठी आम्लाऐवजी मातीचा उत्प्रेरक सुचवला आहे. बर्फावर ओतणे नाही, आम्ल धूत बसणे नाही. अतिनील दिव्याखाली ठेवले की पदार्थ निळा चमकतो, आणि यादवांच्या प्रयोगशाळेतली माती आपल्या हातातल्या खलबत्त्यात आली हे विद्यार्थ्याला कळते. हा बदल स्वस्त आहे, ग्रामीण महाविद्यालयाला झेपणारा आहे. तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत यायला हवा होता.

त्याऐवजी या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या वाट्याला शोधनिबंधांची मोजणी आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुणांक लावले आणि निबंधांची संख्या हेच भांडवल झाले. हरित संश्लेषण हा त्यासाठी सोयीचा विषय ठरला, कारण त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. लिंबाचा रस, फळांच्या सालींची राख, मायक्रोवेव्ह यांनी असंख्य प्रक्रिया करून पाहिल्या गेल्या. यातले काही काम खरोखर चांगले आहे, आणि वीज जाणाऱ्या, अनुदान न पोचणाऱ्या प्रयोगशाळेत तासनतास उभे राहून ते करणाऱ्या शिक्षकांविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. पण बऱ्याच निबंधांत उत्प्रेरक लिंबाचा असतो आणि माल वेगळा करायला इथाइल अॅसिटेट ओतले जाते, मग तीनदा पाण्याचे धुणे, मग हेक्झेनचा कॉलम. शीर्षकात हरित लिहिले जाते ते पहिल्या पायरीकडे पाहून. धुण्याला किती पाणी लागले, हा आकडा निबंधात कुठेच नसतो.

तो आकडा मागण्याची साधने आता उपलब्ध आहेत. औषध कंपन्या प्रक्रियेत शिरणाऱ्या एकूण वस्तुमानाचा हिशेब ठेवतात आणि त्यात पाणीही मोजतात. शेल्डन यांनीसुद्धा पाणी आणि द्रावके धरून केलेला पूर्ण हिशेब पुढे मान्य केला. मार्गदर्शकाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडून एवढे एक पान लिहून घ्यायला नवे यंत्र लागत नाही.

आणि कारखान्यांसाठी तर कायदाच आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार १९९३ पासून संमतीपत्र घेतलेल्या प्रत्येक कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, भरून द्यावा लागतो. त्याच्या दुसऱ्या भागात मालाच्या प्रत्येक एककामागे प्रक्रियेला किती पाणी लागले, गेल्या वर्षी किती आणि यंदा किती, असा रकाना आहे. म्हणजे शेल्डन यांच्या मूळ हिशेबातून सुटलेला आकडा आपल्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ कागदावर भरला जातो आहे. तो कोणी वाचत नाही. बारवीचे पाणी घेणाऱ्या सगळ्या रासायनिक कारखान्यांची ही विवरणपत्रे प्रदूषण नियंत्रण मंडळाने एकत्र करून मराठीत छापावीत. त्यांची एक प्रत धरणग्रस्त गावांच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. दुसरी प्रत माटुंगा ते शिवळे अशा प्रत्येक रसायनशास्त्र विभागाला पाठवावी, म्हणजे कोणत्या मालाची कोणती पायरी सर्वांत जास्त पाणी पिते हे प्राध्यापकांना कळेल आणि पुढच्या विद्यार्थ्याला विषय देताना त्यांना परदेशी नियतकालिकांत शोधत बसावे लागणार नाही. येत्या ३० सप्टेंबरला भरल्या जाणाऱ्या फॉर्मांपासून याची सुरुवात करता येईल.