जित्याची खोड

लेखक गेल्यावर त्याच्या कागदांचे काय करायचे, याविषयी मराठीत एक जुनी शिस्त आहे. निदान ती आहे असे आपण मानतो. वि. का. राजवाडे यांनी घराघरांतून दप्तरे मिळवून 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. मोडी अवघड खरी, पण शिकता येते. संगणक आला की हीच शिस्त कुठे जाते, असा आमचा रोकडा सवाल आहे.

आमच्यापैकी एकाचे मामा पेण तालुक्यातल्या जित्याला राहत. (आपटा आणि हमरापूर यांच्या मधले हे छोटे स्टेशन गाडीतून जाताना बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही.) खारेपाटातल्या भातशेतीचे आगरी शब्द ते वर्षानुवर्षे टिपत आले. उघाडी, खांड, शिलोत्री अशा एकेका शब्दामागे वापर, म्हणी, कुणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद. जुन्या संगणकाला पासवर्ड, नव्या लॅपटॉपलाही पासवर्ड, आणि दोन्ही कुणालाच ठाऊक नाहीत. गावाच्या नावावरून ते स्वतःच विनोद करीत. ती खोड मात्र मेल्यावरही गेली नाही.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने एका वाक्यात निकाल दिला: फॉर्मॅट मारू, मशीन नवे होईल. घरातल्यांना ते पटलेही होते! याच माणसांनी मामांची एखादी वही रद्दीत घातली नसती. जुन्या संगणकाचा पासवर्ड हा नुसता दारावरचा पहारेकरी होता. आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि सगळ्या फाइली दिसल्या. उघडल्या तेव्हा मात्र रोमन अक्षरांचा अगम्य काला! युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले मराठी त्या फॉन्टवाचून असेच दिसते. तो फॉन्ट त्याच डिस्कवर सापडला म्हणून 2 शब्दसूची वाचल्या. मोडीपेक्षा ही लिपी लवकर मेली, हे नमूद करायला हवे.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. त्याची डिस्कच कूटबद्ध आहे, त्यामुळे ती काढून उपयोग नाही. ती 48 आकडी किल्ली मागते. किल्ली बहुधा मामांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल. त्या खात्याचा संकेतांक त्यांच्या मोबाइलवर येणार, आणि ते सिमकार्ड घरच्यांनी तेराव्यानंतर लगेच बंद केले. काटकसर म्हणून!

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, कुलूप लावले याचा अर्थच कुणी वाचू नये असा आहे. मृताच्या खासगीपणाचा मान राखा. हा युक्तिवाद भारदस्त वाटतो, पण तो पोकळ आहे. काफ्काने आपले लेखन जाळून टाकावे असे मॅक्स ब्रोडला लिहून ठेवले होते. ब्रोडने ते मानले नाही, ते योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, कारण तिथे इच्छा स्पष्ट होती. मामांचा पासवर्ड यंत्राने पहिल्या दिवशी मागितला म्हणून त्यांनी दिला. तो माणूस भेटेल त्याला आपल्या नोंदी वाचून दाखवी. यंत्राच्या हट्टाला मृत्युपत्र समजणे ही बौद्धिक आळसाची परिसीमा आहे. पत्रे, ईमेल यांना हात लावू नये, हे आम्हाला मान्यच आहे. जुन्या डिस्कवरची ‘पत्रे’ नावाची घडी आम्ही उघडलेली नाही.

दोष मामांचाही आहे, हे भाच्यादेखत सांगतो. लेखनाचा स्वामित्वहक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे वारसांकडे राहतो. हक्क कागदावर आणि मजकूर कुलपात, अशा वारशाचे वारसांनी काय करावे? गूगलने 2013 पासून आणि ॲपलने 2021 पासून आपल्या पश्चात खाते कोणाला उघडता यावे ते नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही नामनिर्देशनाची तरतूद आहे. बँकेच्या खात्याला वारस लावणारा मराठी लेखक हे करीत नाही. निदान एका चिठ्ठीवर किल्ली लिहून कपाटात ठेवावी, एवढे तरी? (मृत्युपत्रातच पासवर्ड लिहिण्याचा शहाणपणा नको, पासवर्ड बदलतात, मृत्युपत्र तसेच राहते.)

तो लॅपटॉप आता घरातल्या एका मुलाला शाळेसाठी हवा आहे. फॉर्मॅट केला की उरलेल्या नोंदी कायमच्या गेल्या. गणपतीत सगळे जित्याला जमतील तेव्हा याचा निर्णय होईल. मुलासाठी दुसरा लॅपटॉप घ्यायला आम्ही वर्गणी काढली आहे. ती घेऊन आम्ही तिथे हजर राहणार आहोत.