विद्यार्थ्याचे पान कोण वाढणार?

जून-जुलै आला की पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत एक ठरलेले दृश्य दिसू लागते. लातूर, परभणी, जळगाव, सोलापूरकडून आलेले आईवडील हातात पिशव्या घेऊन जिने चढत असतात. खोलीत उजेड किती, भाडे किती, अनामत किती, अभ्यासिका किती अंतरावर, महाविद्यालयाला बस कोणती, याची बारकाईने चौकशी होते. मुलाच्या जेवणाचा प्रश्न मात्र बहुधा अगदी शेवटी, घरमालकाचा निरोप घेताना निघतो. आणि ‘खाली गल्लीत हव्या तितक्या मेस आहेत’ या उत्तरावर तो तेथेच मिटतो. ज्या मातेने अठरा वर्षे मुलाच्या पानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले, तिची ती जबाबदारी त्या एका वाक्यासरशी बाजाराच्या स्वाधीन होते.

पुढे काय घडते, ते या पेठांतील कोणताही चहावाला सांगू शकेल. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी नऊला जाग, न्याहारीला फाटा आणि उपाशीपोटी पहिला ‘कटिंग’. अकराच्या सुमारास भूक असह्य झाली की वडापाव. दुपारी दोनला मेस, तेव्हा भूक मेलेली. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री पुन्हा मेस, आणि मध्यरात्री दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचे पाकीट. अवेळी, कधी अतिशय थोडे तर कधी अतिशय जास्त खाणे, याला आयुर्वेदात ‘विषमाशन’ असा नेमका शब्द आहे. वडापावाला शिव्या देणे फार सोपे असते. पण आठवड्यातून एकदा खाल्लेल्या वडापावाने कोणाचेही आयुष्य बिघडलेले नाही. तो रोजच्या न्याहारीच्या जागेवर येऊन बसला, हे खरे दुखणे आहे.

चहाचेही तसेच. चहातील टॅनिन अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाही, म्हणून जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात म्हटले आहे. ज्या देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले, तेथे ही सूचना क्षुल्लक मानता येणार नाही. वर्गात येणारी जांभई, जिना चढताना लागणारी धाप, वाचलेले लक्षात न राहणे, हे सारे आळसाच्या खात्यावर टाकले जाते. रक्त तपासून घ्यावे, हे कोणाच्या मनात येत नाही. जेवणाच्या पानात मिठाशेजारी लिंबाची फोड वाढण्याची जुनी पद्धत होती. वरण, उसळ, पालेभाजी यांतील लोह अंगी लागण्यास लिंबातील क जीवनसत्त्व साह्य करते. मेसच्या ताटातून सर्वात आधी काय नाहीसे झाले असेल, तर ही फोड!

त्यात आता शक्तिवर्धक म्हणवणाऱ्या पेयांची भर पडली आहे. परीक्षेच्या हंगामात अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर त्यांच्या रिकाम्या बाटल्यांचा खच दिसतो. त्यांतील शक्ती म्हणजे मुख्यतः साखर आणि कॅफिन. २५० मिलिलिटरच्या एका डब्यात कॅफिन सुमारे ७५ मिलिग्रॅम असते आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक पिऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांना दिसावा तरी कसा? हे पेय झोप उडवते, थकवा नाहीसा करत नाही. साध्या पाण्याची कथा तर याहून विचित्र. अभ्यासिकेतील स्वच्छतागृह वापरण्यायोग्य नाही, म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली थोड्याथोडक्या नाहीत. मूत्रमार्गाचा विकार जडल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात, आणि मुलगी संकोचाने गप्प बसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली आणि पुन्हा २०१८ साली, महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतून ‘जंक फूड’ हद्दपार करण्याच्या सूचना काढल्या. हेतू उत्तम, परंतु विद्यार्थी जेवतो फाटकाबाहेर. शिवाय अनेकांच्या बाबतीत प्रश्न चवीचा नसून पैशाचा आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा शेतकऱ्याचा मुलगा एका डब्यात दोघे भागवतो, कारण घरून येणारी रक्कम पावसावर अवलंबून असते. त्याला फळे आणि सुक्यामेव्याचा उपदेश करणे ही थट्टा होईल.

या मातीत विद्यार्थ्याच्या अन्नाची चिंता एके काळी समाज वाहत असे. माधुकरीच्या झोळीवर आणि सात घरच्या सात वारांवर पुण्यात कित्येक पिढ्या शिकल्या. अर्थात त्या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात मिंधेपणा होता, आणि ती दारे प्रत्येक जातीच्या मुलाला उघडी नव्हती. ती उणीव कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात दूर केली. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीला बसत. आणि घरातील धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून गळ्यातील मंगळसूत्रही मोडले. शिकणाऱ्या मुलाची भूक ही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, ही जाण त्यामागे होती. आज पगार वाढले, घरे मोठी झाली, आणि नेमकी ती जाण मात्र पातळ झाली.

बारावीची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामध्ये तीन-साडेतीन महिने असतात. ते प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांनी भरलेले असतात, हे मान्य. तरीही वरणभात, पिठले, मुगाची खिचडी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ एवढे चार पदार्थ त्या काळात कोणालाही शिकता येतील. मुलालाही, केवळ मुलीला नव्हे. ‘आमच्या बाळूला साधा चहासुद्धा करता येत नाही’ असे कौतुकाने सांगणाऱ्या घरांनी त्याची किंमत बाळूच्या पोटाला मोजावी लागते, हे ध्यानी घ्यावे. त्याच्या पेटीत भाजणीचा डबा, मेतकूट, सातूचे पीठ, फुटाणे आणि गूळ-शेंगदाणे असले, तर अकरा वाजताच्या वडापावाची गरज आपोआप कमी होते. शेंगदाण्यांत वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात, आणि ते महाग नाहीत. दूध-दह्याला मात्र पर्याय नाही. शाकाहारी मुलांना ब-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः तेथूनच मिळते, म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती बाटलीबंद पेयांत करावी.

उरतो तो रविवार. बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाचे जेवण देतात आणि रात्री बंद असतात. त्या रात्री पेठेतील हजारो मुले काहीबाही खाऊन किंवा नुसते पाणी पिऊन झोपतात. आणि त्याच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, मुले परदेशी गेलेली वृद्ध जोडपी दोनच पाने मांडून बसलेली असतात. वरच्या खोलीतील दोन मुलांना, त्यांची जात-गाव न विचारता, रविवारी रात्री ताकभात, भाकरी आणि एखादी पालेभाजी खाण्यास बोलवायला कोणत्या योजनेची वा अनुदानाची आवश्यकता आहे? मुलांनी जेवणानंतर ताटे घासून ठेवावीत आणि आजोबांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात जावे, म्हणजे मिंधेपणाही उरणार नाही. जिन्यात चार वेळा एकमेकांसमोरून जाऊनही नाव ठाऊक नसलेल्या या माणसांपैकी पहिली हाक वडीलधाऱ्यांनीच मारायला हवी. मुले आपण होऊन दार वाजवणार नाहीत.