अपंगांची नोकरी आणि मालकांचा हिशेब

अपंगांस काम देण्याचा प्रश्न निघाला कीं आमचे कारखानदार व व्यापारी ठेवणींतलीं दोन वाक्यें बाहेर काढतात. पहिलें, 'आम्हांस त्यांची फार कींव येते'. दुसरें, 'पण धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे.' दुसरें वाक्य आम्हांस अक्षरशः मान्य आहे. म्हणूनच पहिलें त्यांनीं परत घ्यावें, एवढीच आमची विनंती. प्रश्न कींवेचा नाहींच. हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब त्यांनीं कधीं मांडलेलाच नाहीं.

हेन्री फोर्ड हा कांहीं साधुसंत नव्हता. मजूरसंघांशीं त्याचें वैर जगजाहीर आहे. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें आपल्या कारखान्यांतील कामांची मोजदाद दिली आहे. निरनिराळीं कामें एकंदर ७,८८२. त्यांत खरोखर बलदंड व अव्यंग शरीर लागणारीं अवघीं ९४९. एक पाय असलेल्यास जमतील अशीं २,६३७, दोन्ही पाय नसलेल्यास ६७०, एकहाती मनुष्यास ७१५, आणि अंधास १०. नट-बोल्ट मोजून शाखांकडे पाठविण्याच्या कामावर त्यानें एक अंध मनुष्य नेमला. तेथें दोन धडधाकट माणसें आधींच होतीं. दोनच दिवसांत मुकादमानें त्या दोघांस मोकळें केलें. कारण त्यांचेंही काम हा एकटा उरकीत होता!

फोर्डनें आधीं काम तपासलें, मग माणूस. आमच्याकडे उमेदवाराची कुबडी दारांतूनच दिसते. पण ज्या खुर्चीवर त्यास दिवसभर बसायचें, तिच्या कामास पाय किती लागतात हें कोणी मोजीत नाहीं. अंधांसंबंधींचा तो १० चा आंकडाही आज कोणी पुढें करूं नये. संगणक पडद्यावरील अक्षरें वाचून दाखवूं लागल्यापासून लेखनाचीं, हिशेबाचीं, कायद्याचीं कितीतरी कामें त्यांच्या आटोक्यांत आलीं आहेत. आमच्या वर्गांतून पदवी घेऊन जाणारे अंध विद्यार्थी याच साधनावर शिकतात. मग मुलाखतीच्या दालनांतच तें निकामी कसें ठरतें?

२०१६ च्या कायद्यानें सरकारी जागांपैकीं निदान ४ टक्के अपंगांसाठीं राखल्या. खाजगी धंद्यांत ५ टक्क्यांचें उद्दिष्ट ठेवलें, पण तेथें सक्ती नाहीं. मालकांस उत्तेजन द्यावें, एवढेंच म्हटलें. उत्तेजनावांचून स्वतःचा नफाही उचलूं न शकणारा व्यापारी आम्ही प्रथमच पाहत आहों! (मध्यंतरीं 'दिव्यांग' हा नवा शब्द मात्र आला. शब्दाची उंची वाढली. पगारपत्रकांत नांव चढलें नाहीं.)

राहिला जिन्याशेजारीं उतरण बांधण्याचा खर्च. तो एकदांच करावयाचा असतो. आणि एकदां उतरण झाली कीं मालाच्या हातगाड्याही तिच्यावरूनच जाऊं लागतात.